गाडीचे अ‍ॅव्हरेज का बदलते?

मुलांनो, गाडी तीच, पेट्रोल तेच. तरी अ‍ॅव्हरेज कधी जास्त, कधी कमी येते. असे का होते, ते पाहू.

१) चढ : चिपळूणहून पाटणला जाताना कुंभार्ली घाट चढावा लागतो. येताना तोच उतार होतो. म्हणून जाताना पेट्रोल जास्त लागते.
२) वेग व वारा : वेग दुप्पट केला की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. समोरून वारा आला तर आणखी भर.
३) ओझे : डबलसीट, त्यात पोते, मग इंजिनाला जोर जास्त.
४) चाकातली हवा : हवा कमी असली की टायर दबतो, गाडी जड चालते. हवा टायर थंड असतानाच तपासावी.
५) जवळच्या फेऱ्या : थंड इंजिन पेट्रोल जास्त खाते.

हिशेब असा करावा. टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी तेवढीच फुल्ल करावी. १८० किलोमीटरला ३ लीटर लागले, तर १८० ÷ ३ = ६०.

एका फेरीवरून गाडीला किंवा मेस्त्रीला दोष देऊ नये. तीन-चार वेळा हिशेब मांडावा. दर वेळी आकडा घसरत गेला, तरच गाडी दाखवावी. पालकांनो, वही आम्ही लिहू. तुम्ही फक्त आकडे सांगा!