वरच्या मजल्याला आयपी पत्ता मिळेना

प्रश्न : दुसऱ्या मजल्यासाठी वेगळा व्हीलॅन केला. डीएचसीपी सर्व्हर खालीच आहे. वरचे संगणक १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात. दुसरा सर्व्हर घ्यावा का?

उत्तर : मुळीच नको. पत्त्याची पहिली मागणी ब्रॉडकास्ट असते आणि राउटर ती सबनेटबाहेर जाऊ देत नाही. त्यासाठी डीएचसीपी रिले लावा. सिस्कोच्या राउटरवर ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ ही कमांड सर्व्हरच्या पत्त्यासह वरच्या मजल्याच्या व्हीलॅन इंटरफेसवर द्या, सर्व्हरकडच्या नव्हे. गल्लत होते ती इथेच. रिले मागणीत त्या इंटरफेसचा पत्ता भरतो आणि तो पाहूनच सर्व्हर स्कोप निवडतो. म्हणून सर्व्हरवर नव्या सबनेटचा स्कोप हवाच, शिवाय त्या सबनेटकडे परतीचा राउटही. फायरवॉलमध्ये यूडीपी ६७ मोकळा आहे ना, तेही बघून घ्या.