आधी पापणी, मग बाटली

माय, तुझ्या दावणीला एक गाभण शेळी आणि दोन पाटी आल्या, हे ऐकून फार बरं वाटलं. पोराची फी असो की कुणाचा दवाखाना, आपल्या बीडच्या माळावर अडल्या वेळी धावून येते ती शेळीच. पण परवा तू फोनवर विचारलंस, "आत्या, जंताचं औषध कोणतं पाजू?" तेव्हा मी गप्प राहिले. कोणतं पाजायचं हे नंतर, कुणाला पाजायचं हे आधी. माझ्या सगळ्या चुका करून झाल्यात, तुला त्या नव्यानं करायची गरज नाही. म्हणून हे लिहून देते. गोठ्याच्या दाराला अडकवून ठेव.

१. सकाळी शेळ्या सोडायच्या आधी रात्रीच्या लेंड्या बघ — लेंडी बोलते, शेळी बोलत नाही. चांगली लेंडी गोल आणि सुटी असते. चिकटून गोळा झालेली किंवा पातळ दिसली, तर ती कुणाची हे त्याच दिवशी शोध.

२. लेंड्या घट्ट आहेत म्हणून निर्धास्त होऊ नकोस — पावसाळ्यात शेळ्या मारणारा जंत, डॉक्टर त्याला हिमोंकस म्हणतात, चौथ्या पोटात बसून रक्त पितो आणि बहुतेक वेळा ढाळ लागतच नाही. माझी पहिली दुभती शेळी शेवटच्या दिवसापर्यंत घट्ट लेंड्या टाकत होती.

३. लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर घाबरू नकोस, लिहून ठेव — ते पट्टकृमीचे तुकडे. किळस येते, पण रक्त पिणारे जंत त्याहून घातक आणि ते लेंडीत दिसत नाहीत. दिसतो तो पाहुणा, दिसत नाही तो चोर.

४. लेंडी फोडून अंडी शोधत बसू नकोस — ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. आपण शेळी बघायची, अंडी डॉक्टरांनी बघायची.

५. आता खरी गोष्ट, पापणी. शेळीला उन्हाच्या उजेडात धर, अंगठ्यानं वरची पापणी हलकेच खाली दाब, दुसऱ्या बोटानं खालची ओढ आणि आतली बाजू पटकन बघून सोड — फार वेळ ताणून धरलीस तर रंगच बदलतो. दोन्ही डोळे बघ.

६. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर शेळी ठीक. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेव. चुन्यासारखी पांढरी असेल तर आजच दवाखाना — रक्त आटलेलं आधी पापणीत दिसतं, मग पायात. शेळी बसली की उशीर झालेला असतो.

७. हा काही आत्याचा अडाणी ठोकताळा नाही, हे तुझ्या शिकलेल्या नवऱ्यालाही सांग — दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन नावाच्या पशुवैद्यांच्या कल्पनेवरून पापण्यांच्या पाच रंगांचा तक्ता झाला. त्याला त्यांच्याच नावावरून 'फमाचा' म्हणतात. एक म्हणजे लाल, पाच म्हणजे पांढरी.

८. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा पापणी बघ — ओलीत आणि उबेत हे जंत झपाट्यानं वाढतात. एक मादी दिवसाला हजारोंनी अंडी टाकते.

९. पांढरी पापणी म्हणजे जंतच, असं धरून चालू नकोस — गोचिडांनीही रक्त आटतं. कानामागं, शेपटीखाली, कासेजवळ बोटं फिरवून बघ.

१०. संध्याकाळी शेळ्या घरी आल्या की जबड्याखाली हात लाव — रक्त पातळ झालं की दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरतं, मऊ पिशवीसारखं लागतं. रात्रीतून ते ओसरतं, म्हणून सकाळी बघणारा फसतो.

११. आठवड्यातून एकदा पाठीच्या कण्यावरून तळवा फिरव — केसाळ अंगात खंगलेली शेळी डोळ्याला कळत नाही, तळव्याला कळते. हात फिरेल तिथं हाड बोलेल.

१२. लेंडी तपासायला न्यायची तर ताजी न्यायची. पडल्या पडल्या पाच-सहा उचल, स्वच्छ डबीत झाकण लावून ठेव, वर कोणत्या शेळीची ते लिही — उन्हात राहिली तर अंडी फुटून आळ्या होतात आणि मोजणी चुकते. त्याच दिवशी पोचव; नाहीच जमलं तर फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फात गोठवू नकोस.

१३. शेळ्या कुठं चरतात, कुठलं पाणी पितात, हे डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांग — माजलगावच्या कालव्याकाठी किंवा डबक्यात गोगलगायी असतील तर यकृतातल्या पर्णकृमीची शंका येते. त्याची अंडी जड, तपासणीतल्या मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत. ती खाली बसलेल्या गाळात शोधावी लागतात.

१४. सगळ्या दावणीला एकाच दिवशी डोळे झाकून पाजू नकोस; पापणी, जबडा, पाठ आणि लेंडी बघून जिला गरज आहे तिला पाज — सगळ्यांना सारखंच पाजत गेलं की औषधाला न मरणारे तेवढे जंत मागं उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. मी वर्षानुवर्षं तेच केलं, आणि शेवटी बाटली पाण्यासारखी झाली.

१५. वजन अंदाजानं धरू नकोस. धान्याच्या काट्यावर आधी तू एकटी उभी राहा, मग शेळी उचलून घेऊन, आणि वजा कर — कमी औषधात जंत मरत नाही, शिकतो. अर्धा डोस म्हणजे जंताची शाळा.

१६. पाजताना शेळीचं तोंड आभाळाकडं करू नकोस. नाक डोळ्याच्या वर जाऊ देऊ नकोस आणि गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोड — घाईत औषध फुप्फुसात गेलं तर जंताआधी शेळी जाते.

१७. तुझी शेळी गाभण आहे, हे डॉक्टरांना आधी सांग — अल्बेंडाझोलसारखं औषध गाभणपणाच्या सुरुवातीला पोटातल्या पिलाला बाधू शकतं. विताना आणि व्याल्यावर तिची पापणी जास्त वेळा बघ. त्या दिवसांत अंगातली ताकद पिलाकडं वळते आणि जंतांचं फावतं.

१८. औषधानंतर दूध किती दिवस घरात घ्यायचं नाही, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नकोस — औषध दुधात उतरतं आणि ते दूध तुझीच लेकरं पितात.

१९. दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळीची लेंडी पुन्हा तपासून घे — औषध लागू पडलं की नाही, हे बाटली सांगत नाही.

२०. कडुलिंबाचा पाला खुशाल घाल, पळसपापडीही जुनी माणसं देत आली; पण पापणी पांढरी असताना त्यावर विसंबू नकोस — उशिरा आलेलं औषध आणि उशिरा आलेला पाऊस, दोन्हींनी पीक परत येत नाही.

२१. दहिवर सुकू दे, मग शेळी सुटू दे — जंतांच्या आळ्या ओल्या पात्यावर चढून बसतात. ऊन चढलं की त्या खाली मुळाशी उतरतात.

२२. चार बोटांपेक्षा खुरटलेल्या गवतावर शेळी ठेवू नकोस; बाभळ, बोर, सुबाभूळ, शेवरीचा पाला दाव्याला उंच टांगून दे — बहुतेक आळ्या जमिनीलगतच असतात. शेळी मूळची शेंडा खाणारी. तिला मान वर करून खाऊ दे.

२३. करडं वेगळ्या, कोरड्या जागी ठेव आणि त्यांना रक्ताची हगवण लागली तर जंताचं औषध पाजून वेळ घालवू नकोस — दाटीवाटीच्या ओल्या गोठ्यात कॉक्सिडिया होतो, त्याचं औषध वेगळं असतं.

२४. लेंड्या रोज झाडून गोठ्यापासून लांब खड्ड्यात कुजव — कुजताना जी उष्णता होते तिनं अंडी आणि आळ्या मरतात, आणि कापसाला सोन्यासारखं लेंडीखत मिळतं.

२५. नेकनूरच्या बाजारातून नवी शेळी आणलीस तर दोन-तीन आठवडे वेगळी बांध आणि लेंडी तपासल्याशिवाय दावणीला मिसळू नकोस — आपण शेळी विकत घेतो, तिच्या पोटातलं फुकट येतं.

२६. जिला औषध दिलंस तिच्या गळ्यात लाल दोरा बांध आणि कालनिर्णयवर तारखेपुढं खूण कर — वर्षात जिच्या गळ्यात दोरे वाढत गेले, तिची पाट वंशाला ठेवू नकोस. जंत सोसायची ताकद आईकडून लेकीत येते, तसा कमकुवतपणाही येतो.

२७. कंदुरीच्या दिवशी कुत्र्याला कच्चं काळीज, फुप्फुस टाकू नकोस, आणि घरच्या कुत्र्यालाही डॉक्टरांना विचारून जंताचं औषध दे — कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीची अंडी गवतावर, हातावर येतात आणि शेळीच्या, माणसाच्या काळजात पाण्याचे फोड होतात. लेकरांना लेंडीला, कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायला लाव.

२८. गोठ्यात दाटी, ओल आणि भीती राहू देऊ नकोस — हे जंताचे तीन मामा.

२९. दिवाळीनंतर घरातलं कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला निघालं, तर जाण्याआधी मागं राहणाऱ्या म्हातारीला आणि शाळकरी पोरीला पापणी बघायला शिकव — दोघींच्या हाती गोठा आणि फोन लांब, अशी वेळ येते. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर दारावर कोळशानं मोठा लिहून ठेव.

एवढं सगळं रोज करायचं नसतं गं. रोज फक्त लेंडी आणि जबडा, आठवड्याला पाठ, पावसाळ्यात पंधरवड्याला आणि एरवी महिन्याला पापणी. चहा उकळेपर्यंत तीन शेळ्या बघून होतात. पहिले दोन महिने हात चाचपडेल, शेळी मान हिसडेल, तू चिडशील. मग एक दिवस बोटांनाच कळायला लागेल, आणि शेळीही तुझ्या हाताला सरावेल.

पुढच्या वेळी फोन केलास की औषधाचं नाव विचारू नकोस. तिघींच्या पापण्यांचा रंग सांग. पुढचं आपण दोघी मिळून बघू.