‘कुसीत’ : एका पालि शब्दाचा अर्थ

पहाटेच्या वंदनेला उशीर झालेल्या विद्यार्थ्यास आपण चटकन ‘आळशी’ म्हणतो. एका दिवसाच्या सुस्तीस आणि जन्मभराच्या सवयीस मराठीत हा एकच शब्द पुरतो. पालि भाषेने मात्र येथे भेद केला आहे. मनाला येणारी जडता व पेंग म्हणजे ‘थीनमिद्ध’. पाच नीवरणांपैकी ते एक. अंगी मुरलेला आळस तो ‘कोसज्ज’, आणि ज्याच्या अंगी तो मुरला तो ‘कुसीत’. संस्कृत बौद्ध ग्रंथांत यासच ‘कौसीद्य’ म्हणतात.

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात आठ ‘कुसीतवत्थु’ सांगितली आहेत. काम करायचे आहे, थकवा येईल, म्हणून भिक्षू आधीच आडवा होतो. काम झाले, थकलो, म्हणून पुन्हा आडवा होतो. प्रवासापूर्वी तेच, प्रवासानंतरही तेच. भिक्षा कमी मिळाली तर अंगात त्राण नाही. भरपूर मिळाली तर शरीर उडीद भरल्यासारखे जड! किंचित आजार आला तरी निजणे, आणि बरे झाल्यावरही निजणे. वाचताना हसू येते, कारण यातील एक-दोन सबबी प्रत्येकाच्या ओळखीच्या असतात.

परंतु लगेच पुढे आठ ‘आरम्भवत्थु’ येतात, आणि प्रसंग तेच आठ आहेत. तोच थकवा, तीच अर्धपोटी अवस्था. केवळ त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळा. म्हणजे थकणे हा दोष नव्हे. आजारही तेथे ‘किंचित’च म्हटला आहे, गंभीर आजाऱ्यास कोणी कुसीत ठरविलेले नाही. आमच्या मते या सुत्ताचे मर्म येथेच आहे. सुट्टीत आई-वडिलांबरोबर ऊसतोडीस जाऊन परतलेले मूल वर्गात पेंगते, तेव्हा ते थीनमिद्ध असेल, निव्वळ अपुरी झोप असेल. कुसीत हा शब्द त्यास लागत नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना हे विशेषण फार स्वस्तात मिळत आले आहे.

उलट टोकही तथागतांनी दाखविले. अतिश्रमाने निराश होऊन गृहस्थाश्रमाकडे परतू पाहणाऱ्या सोण भिक्षूस त्यांनी त्याच्याच वीणेच्या तारांविषयी विचारले. फार ताणलेल्या वीर्यातून चंचलता येते आणि फार सैल पडलेल्या वीर्यातून कोसज्ज. माजी विद्यार्थ्यांपैकी आज अनेक जण स्वतः पालक आहेत. पाल्याच्या प्रगतिपत्रकात ‘आळशी’ असा शेरा दिसल्यास त्यांनी शिक्षकांना अवश्य विचारावे : थीनमिद्ध की कोसज्ज?