ओलावामापक, ऊन आणि गहू

रब्बीच्या गव्हाची आवक सुरू झाली की खरेदी केंद्रावर पुष्कळदा वाद होतो तो ओलाव्याच्या आकड्यावरून. शासकीय खरेदीच्या मानकांनुसार गव्हात 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्यापुढे 14 टक्क्यांपर्यंत किंमतीत कपात होते आणि त्याहून अधिक असल्यास माल नाकारला जातो. तेव्हा हा आकडा निघतो कसा, हे शेतकरी बांधवांनी आणि केंद्रावरील कर्मचाऱ्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रचलित ओलावामापकांपैकी पुष्कळ यंत्रे प्रत्यक्ष पाणी मोजत नाहीत. दोन धातुपट्ट्यांमध्ये धान्य भरले असता त्यांवर किती विद्युत् भार साठतो, यावरून ती ओलाव्याचे अनुमान करतात. धान्याच्या या गुणास विद्युत् अपारकता म्हणतात. पाण्याचा रेणू एका अंगास धन व दुसऱ्या अंगास ऋण असल्यामुळे विद्युत् क्षेत्रात होकायंत्राच्या सुईप्रमाणे वळू पाहतो. म्हणून पाण्याचा अपारक स्थिरांक 20 अंश सेल्सिअसला सुमारे 80 भरतो. कोरड्या धान्याचा त्यामानाने फारच अल्प.

परंतु हा 80 अढळ नाही. 0 अंशाला तो सुमारे 88, तर 100 अंशांजवळ 55 च्या आसपास असतो, कारण उष्णतेच्या धडपडीत रेणूंची रांग विस्कटते. पाणी गोठले की रेणू जागीच जखडतात आणि रेडिओलहरींच्या वेगाने पालटणाऱ्या क्षेत्रात बर्फाचा आकडा जेमतेम 3 वर येतो. मायक्रोवेव्ह भट्टीत गोठलेल्या पदार्थाचा वितळलेला भाग उकळू लागतो आणि शेजारी बर्फ तसाच राहतो, त्याचे एक कारण हेच.

धान्यातील पाणी मात्र ना मोकळे, ना गोठलेले. ते पिष्ट व प्रथिनांना बिलगून असते. ऊन लागले की ही मिठी सैल होते, रेणू अधिक सहज वळतात आणि मोकळ्या पाण्याच्या नेमके उलट, आकडा वाढतो. ओलावा तितकाच, पण तापलेला गहू यंत्राला अधिक ओला भासतो!

यासाठी बहुतेक आधुनिक यंत्रांत तापमापक बसवून दुरुस्तीची सोय केलेली असते. तथापि यंत्र सावलीत आणि नमुना उन्हातल्या ट्रॉलीतून थेट आलेला, अशा वेळी धान्याचे खरे उष्णतामान तापमापकास उमगण्यापूर्वीच आकडा वाचला जाऊ शकतो. 12 च्या सीमेवरील मालाला तेवढा फरकही पुरतो. म्हणून नमुना ढिगाच्या निरनिराळ्या थरांतून घ्यावा आणि झाकणाच्या डब्यात यंत्राशेजारी निवू द्यावा. (उघडा ठेवल्यास ओलावाच उडून जाईल.) यंत्रात तो दाबून भरू नये, तीन वाचनांची सरासरी धरावी. एवढ्यानेही वाद न मिटल्यास तोललेला नमुना भट्टीत सुकवून वजनातील घट पाहावी लागते. त्यास काही तास जातात, परंतु यंत्रांची पारखही अखेर त्याच पद्धतीवर होते.