श्रमशक्तीची वाढ : मोजलेले आणि न मोजलेले हात

देशाची श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि कामाच्या शोधात असणारे अशा सर्वांची एकूण संख्या. लोकसंख्येबरोबर ती वाढते, हे उघडच आहे. परंतु किती हात वाढले एवढेच विचारून इतिहासाच्या अभ्यासकाने थांबू नये. ते हात कोणाचे होते आणि त्यांच्या पदरात काय पडले, हेही विचारले पाहिजे.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे ७ कोटी शेतकरी व २.७३ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटी, तर शेतमजूर १४.४३ कोटी झाले. या साठ वर्षांत लोकसंख्या साडेतीन पटींच्या आत वाढली; शेतमजूर मात्र पाच पटींहून अधिक झाले. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले, कोरडवाहू रान पोटाला पुरेनासे झाले आणि कालचा खातेदार दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारीने उभा राहिला. ज्यांच्या नावावर जमीन कधी नव्हतीच, ते तर आधीपासून तेथेच उभे होते.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हे आकडे पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली. आजही दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हात चार, मोजणी एक!

जातिव्यवस्था श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. परंतु हा लाभ कारखान्याच्या फाटकाआतच राहिला. फडातल्या मजुराला अद्याप घड्याळ नाही.

मोजणीतही अन्याय दडलेला असतो. वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणारा जनगणनेत ‘मुख्य’ कामगार ठरतो, त्याहून कमी काम करणारा ‘सीमांतिक’. घरकाम तर श्रमात धरलेच जात नाही. त्यातच प्रगणक दारात आल्यावर घरातील पुरुष सांगतो, “ती घरीच असते.” तिने केलेली खुरपणी, राखलेली जनावरे, काढलेले दूध एका वाक्यात पुसले जाते, वास्तविक ही कामे जनगणनेतही कामच मानली जातात.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. येत्या जनगणनेत आपल्या आईचे, बहिणीचे, पत्नीचे काम आवर्जून नोंदवा. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी कायदा होत नाही. आणि फडावर जाताना मुलांना सोबत नेऊ नका. त्यांना वसतिगृहात ठेवा. हंगाम संपून मायबाप परततात, तेव्हा वर्गातून गेलेले लेकरू वर्गात परततेच असे नाही, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. कोयत्याच्या मोजणीतून एक मूल जरी वहीच्या पानावर आले, तरी निवासी शाळेच्या स्थापनेमागील हेतू सार्थ होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!