भीतीचा कारभार : अधिवृक्क ग्रंथी आणि आपले शरीर

या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रीय विषयावर लिहावे, असे चालकांनी आम्हांस सुचविले. आम्ही पेशाने शिक्षक. तेव्हा वर्गात फळ्यापाशी उभे राहून जसे सांगतो, तसेच येथे सांगणार आहोत. आणि धड्याच्या शेवटी आमच्याच हातून घडलेली एक चूक कबूल करणार आहोत.

प्रथम एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. बाजाराच्या अरुंद बोळातून आपण पिशवी घेऊन चाललो आहोत आणि समोरून उधळलेला बैल येत आहे. विचार करण्यापूर्वीच आपण शेजारच्या दुकानाच्या पायरीवर उडी घेतलेली असते. बैल निघून गेल्यावर कळते की छाती धडधडत आहे, तोंडाला कोरड पडली आहे, हातपाय गार झाले आहेत आणि अंगावर काटा उभा आहे. भीतीची ही लक्षणे आपल्या भाषेने फार पूर्वीच टिपून ठेवली. त्यांची कारणे मात्र शास्त्राने अलीकडच्या सव्वाशे वर्षांत शोधली.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. तिची बाहेरची साल वेगळी आणि आतला गाभा वेगळा. दोघांची कामेही वेगळी. १८९४ साली इंग्लंडात जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी दाखवून दिले की, या ग्रंथीचा अर्क प्राण्याच्या शिरेत टोचला तर त्याचा रक्तदाब एकाएकी चढतो. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी, केइझो उएनाका या सहायकाच्या साह्याने, १९०० साली त्या अर्कातील मूळ द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले. तेच ॲड्रेनालिन. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी भुंकणाऱ्या कुत्र्याने घाबरलेल्या मांजराच्या रक्तात हे द्रव्य उतरते असे पाहिले आणि १९१५ साली ग्रंथरूपाने सिद्धान्त मांडला : संकटसमयी शरीर ‘लढा किंवा पळा’ यासाठी सज्ज होते.

ही सज्जता कशी होते ते पाहू. डोळ्यांनी बैल पाहिला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस मज्जातंतूंवाटे अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याला हुकूम धाडतो. ॲड्रेनालिन रक्तात मिसळते. हृदय वेगाने व जोराने चालू लागते. श्वासनलिका रुंदावतात. यकृतात साठवलेली शर्करा रक्तात सोडली जाते. त्वचेचे व आतड्यांचे रक्त कमी करून ते हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवले जाते. म्हणून चेहरा पांढरा पडतो आणि बोटे गार होतात. याच वेळी मज्जातंतू पचनाचे काम लांबणीवर टाकतात; म्हणून तोंड कोरडे होते. दारात दरोडेखोर आले असता चुलीवर काय शिजले आहे हे कोणी पाहत नाही; शरीराचा न्याय तोच आहे.

रक्तात उतरलेले ॲड्रेनालिन दोन-तीन मिनिटांतच निम्मे होते. परंतु हायपोथॅलॅमसने दुसराही निरोप धाडलेला असतो. तो रासायनिक असून प्रथम पियुषिका ग्रंथीकडे आणि तेथून अधिवृक्क ग्रंथीच्या सालीकडे जातो. साल कॉर्टिसॉल हे द्रव्य सोडते. हे सावकाशीचे काम. त्याची भरती साधारण अर्ध्या तासाने येते आणि ओसरायला बराच वेळ लागतो. कॉर्टिसॉल मुळात शत्रू नव्हे. रोज पहाटे ते वाढते, आपल्याला जागे करते. ते अजिबात नसेल तर माणूस जगणे कठीण. ॲड्रेनालिनही तसेच. मधमाशीच्या दंशाने काहींना प्राणघातक वावडे उठते, तेव्हा डॉक्टर मांडीत ॲड्रेनालिनचेच इंजेक्शन देतात आणि जीव वाचवतात.

दोष आहे तो सज्जता न संपण्यात. बैल निघून जातो. कर्ज, घरातला कलह, नोकरीची धास्ती ही जात नाहीत. हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, थंडी, इजा, अतिश्रम अशा कोणत्याही सततच्या ताणाने अधिवृक्क ग्रंथी सुजते व रोगप्रतिकाराला लागणारी थायमस ग्रंथी आक्रसते. माणसांतही कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले तर रक्तातील शर्करा व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, झोप उडते.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या सकाळी आमचा एक विद्यार्थी प्रवेशपत्र घरी विसरून आला. त्याचा धाकटा भाऊ धावत जाऊन ते घेऊन आला; पण तोवर आम्ही त्या मुलाला फाटकापाशी सर्वांदेखत चांगलेच फैलावर घेतले होते. अर्ध्या तासाने पेपर सुरू झाला. आदल्या दिवशी फळ्यावर सोडवून दाखवलेली दोन गणिते त्याने कोरी ठेवली. “सर, येत होतं, पण आठवलंच नाही,” तो म्हणाला. आम्हांस ती सबब वाटली.

पुढे वाचनात आले की, १९९८ साली कॅलिफोर्नियात जेम्स मॅकगॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्यातील वाट शिकवली. दुसऱ्या दिवशी चाचणीपूर्वी त्यांच्या पायांना विजेचा धक्का दिला. दोन मिनिटे आधी धक्का बसलेल्यांना वाट आठवली. चार तास आधी बसलेल्यांनाही आठवली. अर्धा तास आधी बसलेले मात्र चुकले, कारण त्या वेळी कॉर्टिसॉलच्या जातीच्या द्रव्याची त्यांच्या रक्तात भरती होती. विद्या गेली नव्हती; दार लागले होते. उंदीर आणि मूल एक नव्हेत हे आम्ही जाणतो. तरी ते वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून आम्ही चूक कबूल केली. तो लाजला आणि “असू द्या सर,” म्हणाला.

म्हणून पालकांस एवढीच विनंती. परीक्षेच्या सकाळी घरात आवाज चढवू नका. जे सांगायचे ते संध्याकाळी सांगा. मुलाला पुरते झोपू द्या. छाती धडधडू लागली तर श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावयास शिकवा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. आणि घरातील कर्ता पुरुष काळजीत असेल तर त्याने थोडे चालावे, मन मोकळे करावे. विनाकारण वारंवार धडधड होत असेल तर डॉक्टरांस दाखवावे.

भीती ही ईश्वराने दिलेली पहारेकरीण आहे. बैल आल्यावर तिने आरोळी द्यावी. पण आपल्याच घरात, आपल्याच मुलांसाठी आपणच बैल होऊ नये.