चारही चाके ओढणारी जीप कोणती घ्यावी?

तापीकाठची काळी जमीन पावसात चिकट होते व गाडी रुतते. तेथे चारही चाके ओढणारी जीप उपयोगी पडते. हिचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात पुढील चाकांचा जोर चालक दांड्याने जोडतो. चिखलात शिरण्यापूर्वीच तो जोडावा व डांबरी रस्ता लागताच सोडवावा. वळणावर पुढील चाके अधिक अंतर कापतात. चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात; पक्क्या रस्त्यावर तसे न झाल्याने टायर व गिअर झिजतात.

दुसऱ्या प्रकारात चाक घसरताच जोर आपोआप जोडला जातो; मात्र दुरुस्ती खर्चिक असते.

यावल-शिरपूरकडील जो शेतकरी स्वतः गाडी हाकतो, त्यास पहिला प्रकार पुरेसा आहे. चालक वारंवार बदलत असल्यास दुसरा घेणे हितावह.